वरून एकच तार, मग तीन फेज कुठून? वंदे भारतच्या मोटरबद्दल उद्यमनगरातून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न आधी मांडतो. विचारणारे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरण्याचं काम करतात. ते म्हणतात, "आमच्याकडे शेतीपंपाची मोटर येते, तिला तीन फेज लागतात. एक फेज गेला की मोटर जळते. कोल्हापूर स्टेशनवर बघितलं तर रुळावर एकच तार आहे. वंदे भारतला पुढं इंजिनही नाही. मग मोटर कुठं बसवलीय, तिला तीन फेज कुठून मिळतात, आणि गाडी ताशी १६० ची असताना पुण्याला जायला पाच तासांच्या वर का लागतात? शेवटचं म्हणजे, ही मोटर रिवाइंड होते का?"

माझी सगळी नोकरी इलेक्ट्रिक लोको शेड आणि कारशेडमध्ये मेंटेनन्सला गेली. प्रश्न मोटर उघडून बघणाऱ्या माणसाचा आहे, म्हणून उत्तरही त्याच भाषेत देतो.

मोटर तुमच्या ओळखीचीच आहे. वंदे भारतखाली, मुंबईच्या नव्या लोकलखाली आणि मेल-एक्सप्रेस ओढणाऱ्या डब्ल्यूएपी-७ इंजिनाखाली तीन फेजची स्क्विरल केज इंडक्शन मोटर असते. शिरोळकडं नदीकाठी उसाला पाणी देणारी मोटर ज्या तत्त्वावर फिरते, त्याच तत्त्वावर ही फिरते. स्टेटरमध्ये, म्हणजे स्थिर भागात, तीन फेजचं वाइंडिंग, त्यातून तयार होणारं फिरतं चुंबकीय क्षेत्र, रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, बार आणि दोन्ही टोकांना ते शॉर्ट करणाऱ्या रिंगा. फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश नाहीत, ते ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर नाही. फरक आकाराचा आहे. डब्ल्यूएपी-७ मध्ये अशा सहा मोटरी असतात, एकेक ८५० किलोवॉटची, म्हणजे साधारण ११४० हॉर्सपॉवरची. वजन एकेकीचं दोन टनांच्या आसपास.

मग इतकी साधी आणि दणकट मोटर रेल्वेनं पहिल्यापासून का वापरली नाही? कारण तिचा वेग फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर १५०० च्या थोडी खालीच फिरणार. व्होल्टेज कमी करून वेग नीट उतरवता येत नाही, मोटर नुसती तापते. पंपाला हे चालतं, कारण पंप एकाच वेगानं फिरतो. रेल्वेगाडीला शून्यापासून शंभरपर्यंत प्रत्येक वेग लागतो, आणि सगळ्यात जास्त ओढ लागते ती अगदी उभ्यानं सुटताना. नेमकं तिथं ही मोटर थेट लाइनवर टाकली तर सहापट करंट खेचते आणि त्या मानानं ओढ कमीच देते. तुम्ही स्टार-डेल्टा स्टार्टर लावता तो हा सुरुवातीचा करंट आवरायलाच.

इटलीत १९०२ साली व्हाल्तेलीना मार्गावर खरोखर तीन फेज देऊन गाड्या चालवल्या होत्या. वर दोन तारा आणि तिसरा फेज रूळ. गाड्या चालल्या, पण वेग मोजकेच, आणि दोन तारा एकमेकींना न शिवता सांध्यांवरून न्यायच्या म्हणजे मोठीच कसरत. पुढं जगभर ती पद्धत मागं पडली.

म्हणून कित्येक दशकं रेल्वेत डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवरच्या, सिरीज मोटरचं राज्य होतं. उभ्यानं जबरदस्त ओढ, आणि व्होल्टेज कमी-जास्त केलं की वेग हातात. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. नंतर २५ हजार व्होल्ट एसी आलं तरी मोटर डीसीच राहिली. त्या पिढीच्या डब्ल्यूएपी-४ इंजिनात ट्रान्सफॉर्मरला टॅप चेंजर असतो, त्याचे ३२ नॉच. लोको पायलट एकेक नॉच चढवतो, तसं व्होल्टेज पायरी-पायरीनं वाढतं, रेक्टिफायर त्याचं डीसी करतो आणि ते मोटरला जातं. आणि पुण्याहून कोल्हापूरला गाडी ओढणारं डिझेल इंजिन? तेही चाकापाशी विजेवरच चालायचं. डिझेल इंजिन अल्टरनेटर फिरवायचं आणि चाकं फिरवायच्या ट्रॅक्शन मोटरी. फरक इतकाच, की वीजघर गाडीबरोबरच धावायचं.

डीसी मोटर सांभाळणं म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण थोडं सांगतोच. रुळांमधल्या खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये उतरायचं, मोटरचं तपासणीचं झाकण उघडायचं आणि बॅटरीच्या उजेडात कॉम्युटेटरचा रंग बघायचा. एकसारखी चॉकलेटी झिलई दिसली की मोटर निरोगी. ठराविक अंतरानं बार काळे दिसले, कडा जळक्या दिसल्या, की ब्रश नीट टेकत नाही किंवा बारांमधला अभ्रक वर आलाय. ब्रशची लांबी मोजायची, स्प्रिंगचा दाब बघायचा, कार्बनची भुकटी हवेनं उडवायची. ती भुकटी पावसाळ्याच्या दमट हवेत इन्सुलेशनवर बसून राहिली, तर कधी ना कधी फ्लॅशओव्हर होणार, म्हणजे एका ब्रशपासून दुसऱ्यापर्यंत कॉम्युटेटरवरूनच ठिणगीची कमान. एका लोकोत सहा मोटरी, एकेकीला ब्रशचा सेट, आणि अशी शंभरावर इंजिनं एका शेडला. किती माणसं, किती तास यात जात असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

हे सगळं थांबलं ते पॉवर इलेक्ट्रॉनिक्समुळं. फ्रिक्वेन्सी हवी तशी बदलता यायला लागली आणि इंडक्शन मोटरची एकुलती एक अडचण दूर झाली. जर्मनीत १९७९ साली १२० नंबरच्या वर्गाचं लोको आलं, तिथून हा काळ सुरू झाला असं धरायला हरकत नाही. आपल्याकडे ते तंत्र १९९० च्या दशकाच्या मध्यात डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९ या इंजिनांबरोबर आलं. वीज झपाट्यानं चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच तेव्हा जीटीओ जातीचे होते, आता आयजीबीटी जातीचे आहेत.

आता तारेपासून चाकापर्यंतचा रस्ता बघू. तारेत २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झ, सिंगल फेज. परतीचा रस्ता रुळांतून आणि जमिनीतून. इतकं व्होल्टेज का, तर साधा हिशेब आहे. साडेचार हजार किलोवॉट, म्हणजे सहा हजार हॉर्सपॉवर गाडीला द्यायची असेल, तर १५०० व्होल्टवर ३००० अँपिअर लागतात. २५ हजारांवर तेवढ्याच कामाला १८० अँपिअर पुरतात. म्हणून मुंबईच्या जुन्या डीसी मार्गांवर जाडजूड तारा आणि थोड्या-थोड्या अंतरावर सबस्टेशनं लागायची, आणि आपल्या मार्गावर बारीक तार आणि लांब-लांब सबस्टेशनं पुरतात. भारतीय रेल्वेनं २५ हजार व्होल्ट १९५७ मध्येच स्वीकारलं. मुंबई मात्र पूर्णपणे त्यावर यायला २०१६ उजाडलं.

डब्याच्या टपावरचा पेंटो, म्हणजे पँटोग्राफ, ही वीज उचलतो. त्याच्या माथ्यावर कार्बनची पट्टी असते. तार रुळाच्या मधोमध सरळ ताणलेली नसते, खांबागणिक डावी-उजवीकडे सरकवलेली असते, सरळ मार्गावर मध्यापासून सुमारे २० सेंटिमीटर. कारण तार एकाच जागी घासली तर पट्टीला एका दिवसात खाच पडेल. फलाटाच्या टोकाला उभं राहून सुटणाऱ्या गाडीचा पेंटो बघा, तार त्याच्यावर सावकाश इकडून तिकडं फिरताना स्पष्ट दिसते.

पेंटोमागं व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर, मग ट्रान्सफॉर्मर. तिथं व्होल्टेज हजारच्या घरात उतरतं. पुढं कन्व्हर्टर त्याचं डीसी करतो, आणि हे डीसी मोठ्या कपॅसिटरवर धरून ठेवलेलं असतं. त्याला डीसी लिंक म्हणतात. व्होल्टेज गाडीगणिक वेगळं असतं, काही ठिकाणी दोन हजारांच्या आत, तर जीटीओच्या जुन्या लोकोत २८००. आणि या डीसी लिंकमधून इन्व्हर्टर तीन फेज तयार करतो. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर इथं आहे: तीन फेज वरून येतच नाहीत, ते गाडीतच बनवले जातात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत तुम्ही ज्याला नुसतं 'ड्राइव्ह' म्हणता, तोच हा इन्व्हर्टर, शेकडोपट मोठा.

गाडी सुटताना इन्व्हर्टर एखाद-दुसऱ्या हर्ट्झपासून सुरुवात करतो. रोटर उभा आहे, क्षेत्र अगदी हळू फिरतंय, म्हणजे स्लिप, क्षेत्राच्या आणि रोटरच्या वेगातला फरक, थोडीच आहे आणि ओढ पूर्ण. मग चाक जसं वेग घेतं तसं इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी रोटरच्या थोडीच पुढं ठेवत जातो. मोटरला कधी धापा टाकायला लागत नाहीत, ती कायम तिच्या सगळ्यात सुखाच्या स्लिपवर चालते. आकडा घालून बघू. डब्ल्यूएपी-७ चं नवं चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचं, गिअर २० ला ७२. ताशी ११० ला चाक मिनिटाला साधारण ५३५ फेरे मारतं आणि मोटर १९२५. चार पोलची मोटर धरली तर तिला ६४ हर्ट्झच्या थोडं वर द्यावं लागेल. म्हणजे तारेतल्या ५० हर्ट्झचा आणि मोटरच्या वेगाचा काही संबंधच उरला नाही. गाडी सुटताना खालून जो चढत जाणारा, मध्येच पट्टी बदलणारा सूर येतो ना, तो बव्हंशी या स्विचिंगचाच असतो.

आणि एक फेज गेला तर? तुमची शेतातली मोटर उरलेल्या दोन फेजवर गुरगुरत राहते आणि रात्रीत जळते. इथं प्रत्येक फेजचा करंट सेन्सरनं सतत मोजला जातो. थोडा जरी असमतोल दिसला तरी इन्व्हर्टर डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद होतो, तेवढाच भाग वेगळा काढला जातो आणि बाकीची गाडी पुढं जाते.

आता इंजिन कुठं आहे याकडे येतो. कोल्हापूर–पुणे वंदे भारत १६ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली, आठ डब्यांची. त्यातले निम्मे डबे मोटर कोच, प्रत्येकाच्या चारही आसांवर एकेक मोटर. म्हणजे आठ डब्यांत सोळा मोटरी. ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर, इन्व्हर्टर सगळं फरशीखाली टांगलेलं. तुम्ही ज्या खुर्चीवर बसून चहा पिता तिच्याखालीच हे कारखान्याएवढं सामान असतं. ही कल्पना जुनीच आहे. मुंबईच्या लोकल पहिल्यापासून याच धर्तीच्या, आणि जपानच्या १९६४ च्या शिंकान्सेनला तर प्रत्येक आसावर मोटर होती.

ताकद वाटून देण्यात काय मिळतं, हा या विषयाचा गाभा आहे, आणि लोक तिथंच चुकतात. सगळे हॉर्सपॉवर मोजतात. पण चाक आणि रूळ, पोलादावर पोलाद, यांची पकड फार थोडी असते. कोरड्या रुळावर चाकावरच्या वजनाच्या साधारण पाव भाग एवढीच ओढ खात्रीनं घेता येते, ओल्यावर त्याहून कमी. डब्ल्यूएपी-७ चं वजन १२३ टन. मोटर कितीही मोठी लावा, तीसेक टनांच्या वर ओढलं की चाक जागच्या जागी गरगरणार. आणि मागं हजार-बाराशे टनांची गाडी असते. वंदे भारतमध्ये गाडीचं निम्मं वजन मोटर असलेल्या चाकांवरच असतं. त्यामुळं एकेका चाकाकडं थोडीच ओढ मागितली तरी सगळ्यांची मिळून गाडी झपकन उचलते. वंदे भारतच्या सुधारित आवृत्तीनं चाचणीत शून्य ते शंभर ५२ सेकंदांत गाठलं. चोवीस डब्यांच्या गाडीला एका डब्ल्यूएपी-७ वर तिथवर यायला चार मिनिटांच्या आसपास लागतात.

पकडीचा प्रश्न आपल्याकडं उसाच्या हंगामात विशेष जाणवतो. हातकणंगले-रुकडीच्या पट्ट्यात फाटकांवरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिवसरात्र जातात आणि टायरचा चिखल रुळावर उतरतो. त्यावर चाक आलं की घसरणारच. डीसी सिरीज मोटरचा इथं वाईट स्वभाव: दोन मोटरी सिरीजमध्ये असतील तर घसरणारी मोटर जास्तच व्होल्टेज ओढून घेते आणि आणखी सुसाट सुटते. इंडक्शन मोटरचं उलट आहे. चाक घसरलं, रोटर थोडा वेगानं फिरला, की तो क्षेत्राच्या वेगाजवळ पोचतो, स्लिप कमी होते आणि ओढ आपोआप गळते. म्हणजे घसरण मोटर स्वतःच आवरते. त्यावर कंट्रोल इलेक्ट्रॉनिक्स प्रत्येक आसाचा वेग बघून ओढ कमी-जास्त करतं, ते वेगळंच.

याच स्वभावाची दुसरी बाजू शेडमध्ये भोगावी लागते. डब्ल्यूएपी-७ मध्ये एका बोगीच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तीन आसांच्या चौकटीच्या, तीन मोटरी एकाच इन्व्हर्टरवर समांतर असतात. तिघींना एकच फ्रिक्वेन्सी. समजा एका आसाचं चाक बाकीच्यांपेक्षा काही मिलिमीटर मोठं राहिलं. ते चाक त्याच वेगाला कमी फेरे मारतं, त्याच्या मोटरची स्लिप जास्त होते आणि ती बाकीच्या दोघींचं ओझंही ओढत बसते. कारण सापडत नाही, फक्त एकच मोटर सारखी गरम. म्हणून चाकं तासून आली की व्यास मोजून नोंदवणं आणि एका बोगीत जवळच्या मापाची चाकं ठेवणं, हे काम आम्ही कधी घाईत उरकू दिलं नाही. नव्या माणसाला वाटायचं, दोन-चार मिलिमीटरनं काय होतंय. त्याला त्या मोटरच्या बेअरिंगवर हात ठेवायला लावला की पुन्हा सांगावं लागायचं नाही.

आता पाच तासांचा प्रश्न. कोल्हापूर ते पुणे रेल्वेनं ३२६ किलोमीटर. सव्वापाच तास धरले तर सरासरी साठीच्या घरात. १६० ची गाडी आणि सरासरी ६२, म्हणून तुम्हाला राग येतो, आणि तो रास्त आहे. पण राग गाडीवर काढू नका. १६० ला पळायला सरळ, भक्कम मार्ग, त्या वेगाचे सिग्नल, कुंपण, कमी फाटकं लागतात. आपला मार्ग मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत १८९१ साली आलेल्या रेल्वेच्या वाटेवरचा, मीटर गेजचा नंतर ब्रॉडगेज झालेला. मिरज–कोल्हापूर एकेरी आहे, समोरून गाडी आली की कुणीतरी थांबणार. आणि वाठार ते पुणे या भागात आदर्की आणि शिंदवणेचे घाट आहेत. तिथली वळणं बघितलीत तर कुठलीही मोटर तुम्हाला तिथं शंभरनं नेणार नाही हे पटेल.

मग अशा मार्गावर या तंत्राचा उपयोग काय? उपयोग आहे, पण कमाल वेगात नाही, पुन्हा पुन्हा वेग घेण्यात आहे. ढोबळ हिशेब असा: सारख्या गतीनं वेग वाढवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्मा वेळ वाया गेला असं धरतात. चार मिनिटं घेणारी गाडी दोन मिनिटं गमावते, ५२ सेकंदवाली २६ सेकंद. म्हणजे प्रत्येक थांब्याला, आणि वळणावर वेग उतरवून पुन्हा चढवायच्या प्रत्येक जागी, दीड मिनिटाच्या आसपास बचत. दहा-बारा अशा जागा धरा, पंधरा-अठरा मिनिटं सुटली, रूळ एक इंचही न हलवता. माझं मत स्पष्ट आहे. कोल्हापूरकरांनी १६० चा हट्ट धरण्यापेक्षा मिरजेपर्यंत दुहेरीकरणाचा, वळणं सोपी करण्याचा आणि उरलेली फाटकं काढून पूल करण्याचा आग्रह धरावा. गाडीखाली ताकद आधीच आहे.

विद्युतीकरणाचा दुसरा फायदा कमी बोलला जातो. पूर्वी महालक्ष्मीसारख्या मुंबईच्या गाड्यांचं विजेचं इंजिन पुण्यात काढून डिझेल जोडलं जायचं. इंजिन काढा, दुसरं आणा, ब्रेकची चाचणी घ्या, मग सुटा. ती उठाठेव संपली. शिवाय नव्या धाटणीच्या एलएचबी डब्यांच्या गाड्यांच्या टोकाला घरघरणारी जनरेटर गाडी असायची, तिच्याऐवजी आता डब्यांचे दिवे आणि एसी इंजिनाच्याच ट्रान्सफॉर्मरवर चालवता येतात. अशा गाडीत कधी एसी क्षणभर थांबून पुन्हा सुरू झालेला जाणवला, तर बहुधा न्यूट्रल सेक्शन आला. त्याचं कारण तुमच्या कामाचं आहे. रेल्वेला सिंगल फेज लागतो, राज्याच्या वाहिन्या तीन फेजच्या. एकाच जोडीवर सगळा भार टाकला तर असमतोल होईल, म्हणून शेजारची सबस्टेशनं वेगवेगळ्या फेजच्या जोडीवर घेतलेली असतात. दोघांच्या मध्ये तारेचा थोडा भाग वीज नसलेला ठेवतात. आधी ५०० मीटर आणि मग २५० मीटरवर पाट्या असतात. जुन्या लोकोत पायलट हातानं ब्रेकर उघडतो, गाडी वेगावर पलीकडं सरकते, मग पुन्हा ब्रेकर लावतो.

आता घाटाबद्दल, कारण या तंत्राचं खरं वैभव मला घाट उतरताना दिसतं. ब्रेक लावायचा झाला की इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी रोटरच्या वेगाच्या खाली आणतो. आता रोटर क्षेत्राच्या पुढं पळतोय, म्हणजे मोटर जनरेटर झाली. वीज उलटी डीसी लिंकमध्ये, तिथून ट्रान्सफॉर्मरमार्गे तारेत. कारखान्यातल्या बहुतेक ड्राइव्हमध्ये आत येणाऱ्या बाजूला साधा डायोड ब्रिज असतो, त्यातून वीज मागं जात नाही. इथं त्या बाजूलाही आयजीबीटी असतात, म्हणून दोन्ही दिशा मोकळ्या. हिशेब करून बघा. हजार टनांची गाडी १०० मीटर उंची उतरली की २७० युनिटच्या आसपास ऊर्जा सुटते. पूर्वी ती सगळी ब्रेक ब्लॉक आणि चाकं तापवण्यात जायची. आता रुळाचा, हवेचा आणि यंत्राचा घास वजा जाता त्यातला चांगला हिस्सा तारेत परत जातो. त्याच सेक्शनमध्ये घाट चढणारी गाडी असेल तर ती तो वापरते, नसेल तर सबस्टेशनमधून मागं जातो. तशीच हजार टनांची गाडी ११० वरून थांबवली तर १३० युनिट. शिवाय चाक तापत नाही, हा फायदा पैशात मोजता येत नाही. घाटाच्या पायथ्याशी तापलेल्या चाकांचा आणि ब्रेक ब्लॉकचा जो करपट वास यायचा, तो आमच्या पिढीच्या नाकात अजून आहे.

मध्येच एक विनंती. तारेखाली जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या भरताना फाटकाआधीच्या उंचीच्या कमानीकडं लक्ष द्या, ती ४.६७ मीटरवर असते. आणि उभ्या वॅगनवर चढू नका, पोरांनाही चढू देऊ नका. २५ हजार व्होल्टला हात लागावा लागत नाही, जवळ गेलं तरी ती वीज हवेतून उडी घेते. डिझेलच्या काळात वॅगनवर चढलेली माणसं गावागावात आहेत, त्यांना हे नवं आहे.

शेवटी रिवाइंडिंग. होतं, आणि रेल्वे ते करते. मध्य रेल्वेचा नाशिक रोडचा ट्रॅक्शन मशीन वर्कशॉप त्याच कामासाठी आहे. पण तुमच्या बाकावरच्या कामापेक्षा ते वेगळं आहे. तिथं गोल इनॅमल तार नसते, चपट्या तांब्याच्या तयार केलेल्या कॉइल असतात, एकेक फेरा वेगळा गुंडाळलेला. इन्सुलेशन २०० अंशांच्या वर्गाचं. कॉइल बसल्या की पूर्ण स्टेटर व्हॅक्यूम टाकीत घालून हवा काढतात आणि दाबाखाली रेझिन भरतात, म्हणजे आत एकही पोकळी उरत नाही. वार्निशात बुडवून भट्टीत वाळवण्याची पद्धत तिथं टिकणार नाही, कारण इन्व्हर्टरची वीज साइन लाटेसारखी गुळगुळीत नसते. ती उभ्या भिंतीसारख्या ठोक्यांनी येते, आणि प्रत्येक ठोक्याचा ताण कॉइलच्या पहिल्या काही फेऱ्यांवर पडतो. पोकळी राहिली तर तिथं सूक्ष्म ठिणगी पडत राहते आणि काही महिन्यांत फेऱ्याला फेरा भिडतो. दुसरा शत्रू बेअरिंग. त्याच ठोक्यांमुळं शाफ्टवर व्होल्टेज चढतं आणि ते बेअरिंगच्या गोळ्यांतून जमिनीकडं जातं. रेसवर धुण्याच्या फळीसारखे आडवे पट्टे उमटतात. म्हणून ट्रॅक्शन मोटरमध्ये एक तरी बेअरिंग इन्सुलेटेड असतं.

हे तुमच्या उपयोगाचं आहे, कारण तुमच्याकडंही आता अशाच मोटरी यायला लागल्या असतील. सौर पंपाचा कंट्रोलर म्हणजे इन्व्हर्टरच. कारखान्यातला ड्राइव्हही तोच. अशी मोटर आली आणि वाइंडिंग पूर्ण जळण्याऐवजी कॉइलच्या पहिल्याच फेऱ्यांत शॉर्ट सापडला, किंवा बेअरिंगच्या रेसवर पट्टे दिसले, तर ओव्हरलोड म्हणून सोडून देऊ नका. गिऱ्हाइकाला विचारा, कंट्रोलरपासून मोटरपर्यंत केबल किती लांब आहे. बोअरवेलला केबल लांब असते आणि लांबीबरोबर मोटरच्या टोकाशी ठोक्याचं व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. अशी मोटर इनॅमल तारेची असेल तर दुहेरी कोटिंगची इन्व्हर्टर ग्रेड तार वापरा. फेज-फेजमध्ये पेपर कधी वगळू नका, कॉइलचं पहिलं टोक शेवटच्या फेऱ्याला चिकटून जाणार नाही असं बसवा आणि वार्निश दोनदा द्या. केबल फार लांब असेल तर कंट्रोलरच्या बाहेर पडतानाच फिल्टर बसवायला सांगा. मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर, मोटर चांगली दिसली तरी फेऱ्या-फेऱ्यांमधला दोष मेगर दाखवत नाही, त्याला सर्ज टेस्टरच लागतो. उद्यमनगरात चार-पाच जणांनी मिळून एक घेतला तरी परवडेल.